सूर्याच्या जागी पांढरं भोक: समुद्रावरच्या सूर्यास्ताचे फोटो तुम्ही कसे काढता?

भरकटलेला

मंडळी, फोटोग्राफीत नवीन आहे, सांभाळून घ्या. धागा काढायचं कारण कालची संध्याकाळ. ओहोटी लागलेली, आभाळ असं पेटलेलं की क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा बॉल हातात धरून बघत उभी राहिली. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून चाळीस मिनिटांत एकशे ऐंशी फोटो मारले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि तोंडचं पाणी पळालं. सूर्याच्या जागी पांढरं भोक, भोवती काविळीसारखा पिवळा, आणि खाली डांबर ओतल्यासारखी वाळू. जे केशरी या डोळ्यांनी पाहिलं, ते एकाही फोटोत नाही.

कॅमेरा साधा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा), लेन्स सोबत आलेली १८-५५. सगळं ऑटोवर. एका फोटोची माहिती बघितली तर एफ/४, १/६० सेकंद, आयएसओ ४००.

मला पडलेले प्रश्न: रंग जातात कुठे? सूर्य टिकलीएवढा का येतो? आणि खालचं काळं टाळायचं कसं? बायकोचा चौथा प्रश्न आहे, "नुसतं बघत बसला असतास तर काय बिघडलं असतं?" पण त्याचं उत्तर इथे नको.

टवाळखोर

चाळीस मिनिटांत एकशे ऐंशी. म्हणजे दर तेरा सेकंदांना एक. लाटांशी शर्यत लावली होती का?

चौथ्या प्रश्नाला माझं अनुमोदन.

खारा वारा

भरकटलेला, घाबरू नका, आम्ही सगळे या भोकातून गेलोय.

तुमचे रंग दोन ठिकाणी गेले. पहिलं ठिकाण एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते. फ्रेममध्ये अर्धी अंधारी वाळू होती. कॅमेऱ्याने तिचा हिशेब धरला, त्याला वाटलं अंधार आहे, आणि त्याने प्रकाश वाढवला. वाळू तरीही काळीच राहिली, पण आभाळ मात्र जळून गेलं. जळलेल्या भागात रंगाची माहितीच उरत नाही, नंतर कितीही खटपट करा. म्हणून सूर्यास्ताला मोजमाप आभाळाचं घ्यायचं. सूर्याच्या थोडं बाजूचं आभाळ, सूर्य स्वतः नको. मॅन्युअलची भीती वाटत असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (ऑटोने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर न्या, मग उणे दीड, उणे दोन. कॅमेऱ्यात जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू करा. सूर्याची चकती लुकलुकली तर लुकलुकू द्या, आभाळ लुकलुकता कामा नये.

दुसरं ठिकाण म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स. बिचाऱ्याचं कामच मुळी रंगाची झाक काढून पांढरं पांढरं दाखवणं. तुम्ही त्याच्यासमोर केशरी आभाळ धरलंत, त्याने प्रामाणिकपणे केशरी पुसलं! डेलाइटवर ठेवा, किंवा जरा उबदार हवं असेल तर क्लाउडीवर. आणि रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) काढा, म्हणजे हे सगळं घरी बसूनही बदलता येतं.

एक बारकावा आणखी. नेहमीच्या हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखावर, विसंबू नका. सूर्यास्तात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून जातो. एकत्रित आलेख ठीकठाक दिसतो आणि लाल मात्र केव्हाच भिंतीला टेकलेला असतो. मग केशरी ढगाच्या जागी सपाट पिवळा डाग मिळतो, त्यात ना पोत ना छटा. तुमची कावीळ तीच. तीन रंगांचे वेगळे आलेख दिसतात का ते मेनूत शोधा.

गणिती

टिकलीचं उत्तर मी देतो.

सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो. त्यामुळे सेन्सरवर पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीतला आकडा) साधारण १०९ ने भागलं की येणारा आकडा. १८ मिमीवर सूर्य भरला ०.१७ मिमी. तुमचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद. म्हणजे फोटोच्या रुंदीचा एकशेचाळिसावा भाग. ५५ मिमीवर अर्धा मिमी. ४०० मिमीची लेन्स लावलीत तर ३.७ मिमी, तेव्हा कुठे तो 'सूर्य' वाटतो.

बघताना तो क्षितिजाजवळ थोरला वाटतो, कॅमेऱ्याला मात्र वाटत नाही. कारण थोरलेपणा आपल्या मेंदूत आहे. उलट टेकताना तो उभ्यात लहानच झालेला असतो. हवेमुळे किरण वाकतात, क्षितिजावर सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून चकती चपटी दिसते. आणि सूर्याचा व्यासच साधारण ३२ कला असल्याने, चकतीची खालची कड पाण्याला टेकलेली आपल्याला दिसते तेव्हा हवा नसती तर अख्खा सूर्य केव्हाच बुडालेला असता. आपण फोटो काढतो तो मावळून गेलेल्या सूर्याचा.

टवाळखोर

म्हणजे भरकटलेला यांनी १८० फोटो काढले आणि त्यातल्या शेवटच्या काहींत सूर्य नव्हताच. वर सांगताय तो जळाला.

सावली

मी फक्त फोनवर काढते, त्यामुळे लेन्सबिन्स मला सांगू नका. पण माझे फोटो लोकांना आवडतात म्हणून धीटपणे लिहिते.

सगळ्यात आधी फोनची काच पुसा. हसू नका. समुद्रावर अर्ध्या तासात काचेवर खारट धूसर थर बसतो, त्यात आपल्या बोटांचं तेल. सूर्य समोर असला की तोच थर आडव्या-उभ्या तिरिपी काढतो. ओढणीने पुसलं तर थर पसरतो फक्त. चष्म्याचं स्वच्छ कापड नेते मी.

मग स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. शेजारी छोटा सूर्य दिसतो (योगायोग!), तो खाली ओढायचा. आभाळात रंग भरेपर्यंत ओढायचा. बोटाने झूम करत नाही, डिजिटल झूमने सूर्याचं लोणी होतं. एचडीआर (फोन स्वतःच उजळ-गडद फोटो जोडतो ते) आपोआप लागलं तर वाळूही उजळ, आभाळही उजळ, आणि फोटो एखाद्या जाहिरातीच्या पोस्टरसारखा. ते बंद करता येत असेल तर करते.

आणि मी सूर्याचा फोटो काढतच नाही फारसा. त्याच्या उजेडात काय काय होतंय त्याचा काढते. पाणी मागे सरकताना वाळूवर एक पातळ काचेसारखा पडदा राहतो, दोन-तीन सेकंदच, आणि त्यात सगळं आभाळ उलटं उतरतं. फोन उलटा करून, कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर आणून तो पडदा टिपायचा. खेकड्याने उकरलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी असेल तर प्रत्येक गोळीला लांब सावली पडलेली असते. त्या वेळी मागे सूर्य पांढरा आला काय नि काळा आला काय.

भरकटलेला

सावली, हे वाचून कालच्या फोटोंत शोधलं. एकशे ऐंशीपैकी एकात वाळूतलं प्रतिबिंब आहे, चुकून आलेलं, कॅमेरा खाली करताना बटण दाबलं गेलं म्हणून. आणि खरंच, रंग फक्त त्यातच आहेत.

खारा वारा

चुकून नाही आलेले. प्रतिबिंबाचा उजेड आभाळापेक्षा कमी असतो, म्हणून तो कॅमेऱ्याच्या आवाक्यात बसला.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. खालचं काळं टाळायचं तर खाली उजेड परतवणारं काहीतरी हवं. ओली वाळू, साचलेलं पाणी, फेस. कोरड्या वाळूवर उभं राहून सूर्यासमोर फोटो काढला तर डांबरच मिळणार. म्हणून मी सूर्यास्ताच्या वेळेआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो. ओहोटी अर्ध्याच्या पुढे गेलेली आणि किनारा सपाट, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात उत्तम योग. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज जमलं म्हणून चार दिवसांनीही जमेल असं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी मागेही खूप लांब जातं आणि येतंही तसंच अंगावर.

यावर पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवायचा फिल्टर) लावू नका. काही जण सवयीने लावून ठेवतात. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब तो फिरवता फिरवता पुसून टाकतो, आणि सूर्याच्या दिशेच्या आभाळावर तर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. तो सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळाचा मित्र.

जुनी तिवई

ग्रॅज्युएटेड फिल्टरबद्दल कोणीच कसं बोललं नाही? वर काळा, खाली पारदर्शक. आम्ही फिल्मवर यानेच भागवलं. फक्त साधा ग्रॅड सगळ्यात वर सगळ्यात गडद असतो आणि सूर्यास्तात सगळ्यात उजळ पट्टा असतो क्षितिजावर. म्हणून रिव्हर्स ग्रॅड निघाला, मध्यावर गडद आणि वर जाताना फिका. खुल्या समुद्रासाठी झकास, कारण क्षितिज सरळ रेषेत. बाजूला कडा किंवा माडाची झाडं आली की त्यांचे शेंडे काळे.

आणि समोर उन्हाचा डोळा असताना 'संरक्षणासाठी' लावलेला यूव्ही फिल्टर काढा. भुतासारखे हिरवे ठिपके येतात ते बहुतेक वेळा त्याचेच.

उंबरठा

फिल्टरचा जमाना गेला हो. तीन एक्सपोजर घ्या, दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), घरी जोडा.

जुनी तिवई

जोडा की. तीन फोटोंत तीन वेगळ्या लाटा. मग लाटेला तीन कडा. आणि क्षितिजाभोवती पांढरी प्रभावळ, जणू समुद्राला साक्षात्कार झालाय.

उंबरठा

ते जोडणाऱ्याच्या हाताचं कौशल्य. आभाळ एका फ्रेममधलं, पाणी दुसऱ्या फ्रेममधलं, हाताने मास्क करून, म्हणजे नको तो भाग झाकून. आपोआप जोडणाऱ्या बटणाने तसंच होणार. शिवाय आजचे सेन्सर एका रॉ फाइलमध्ये इतकं पोटात घेतात की बऱ्याचदा आभाळाला सांभाळून काढलेला एकच फोटो पुरतो, सावल्या नंतर उचलता, म्हणजे उजळता येतात.

खारा वारा

उचलता येतात, पण उचलायच्याच कशाला? काळं असू द्या की काळं! सूर्यासमोरचा माणूस, होडी, खडक हे काळेच छान. फक्त आकार कळला पाहिजे. दोन माणसं एकमेकांना चिकटून उभी असतील तर फोटोत एक बुटका जाड डोंगर उभा राहतो. मध्ये उजेडाची फट ठेवा. हात शरीरापासून थोडा सुटा, पावलं अलग. आणि कॅमेरा कमरेच्या खाली न्या, म्हणजे डोकं क्षितिजाच्या वर आभाळात जाईल. क्षितिज गळ्यातून गेलं की गळा कापल्यासारखं दिसतं.

गणिती

जरा अवांतर, पण फिल्टर-वादात कोणी जखमी होण्याआधी. वाळूवर पालथे पडून सूर्याची शेवटची कड बुडताना बघा, आणि बुडाली की ताडकन उभे राहा. कड पुन्हा दिसते! उभ्या माणसाचं क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर असतं, वाळूला डोळा टेकवला की पाचशे मीटरच्याही आत येतं. त्या फरकाने विषुववृत्ताजवळ आठ-दहा सेकंदांचा जादा सूर्य मिळतो. म्हणजे एका संध्याकाळी दोन सूर्यास्त.

एरवी सूर्य टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत तिथे दोन मिनिटांच्या थोडा वर वेळ जातो. ६० अक्षांशावर मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास चार मिनिटांच्या वर, कारण तिथे तो तिरका घसरत जातो. त्यामुळे कुठला लेख वाचताय, तो लिहिणारा कुठे राहतो, हे पाहा. तिकडची 'निळी वेळ' तासभर रेंगाळते, उष्ण कटिबंधात विसेक मिनिटांत आटोपते. आपल्या अक्षांशांत सूर्य बुडाल्यावर प्रकाश साधारण तीन-चार मिनिटांत निम्मा होतो. एकदा ठरवलेलं शटर चार मिनिटांनी चूक ठरतं.

टवाळखोर

पालथा पडलो. ताडकन उठलो. कंबर धरली. दुसरा सूर्यास्त दिसला नाही, तारे दिसले.

जुनी तिवई

हे हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. टेलिफोटो लावून डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. तांबडा, मवाळ दिसतो म्हणून डोळा निवांत लागतो, पण लेन्स तो उजेड गोळा करून थेट डोळ्याच्या पडद्यावर टाकते. लाइव्ह व्ह्यू वापरा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघा. आणि सूर्य वर असताना तिवईवर लांब लेन्स त्याच्याकडे रोखून गप्पा मारायला जाऊ नका, आतलं शटर आणि सेन्सरही भाजू शकतात.

आता तिवईचं. वाळूवर तिवई उभी केली की प्रत्येक लाट पायाखालची वाळू थोडी थोडी ओढून नेते. तुम्हाला वाटतं तिवई स्थिर आहे, ती सावकाश खाली जात असते. अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये क्षितिज दुहेरी येतं आणि माणूस लेन्सला दोष देतो. पाय आधीच दाबून, हलवून हलवून वीतभर खाली रोवा. लाट आल्यावर काढू नका, ती परत फिरू लागली की काढा. पाव ते एक सेकंदाच्या दरम्यान फेसाच्या लांब रेघा ओढल्या जातात. तीस सेकंद ठेवलं तर धुकं मिळतं. मला धुकं आवडत नाही. समुद्र आहे तो, त्याला समुद्र राहू द्या.

घरी आल्यावर तिवई गोड्या पाण्याखाली धरा, पाय सगळे उघडून. मी एका वर्षी आळस केला, पुढच्या वेळी खालचा जोड फिरवला तर आतून दात चावल्यासारखा आवाज. मीठ आणि वाळूने पेचाची पार खीर केली होती. आणि लेन्स समुद्रावर बदलू नये हे सांगायला नको, तरी सांगतो.

सावली

एक विचारू? परवा लिहिलं होतं कोणीतरी की प्रदूषण असलं की सूर्यास्त जास्त रंगीत. खरं का ते?

गणिती

अर्धंच. रंग मुळात हवेच्या रेणूंमुळे येतो. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट जास्त हवेतून येतो, त्यात निळा विखरून बाहेर पडतो, लाल उरतो. जमिनीलगतचा धूर आणि जाड धूळ त्या रंगांत राखाडी कालवते. सूर्याचा तांबडा गोळा मिळतो, पण आभाळ मळकट. म्हणून पाऊस पडून हवा धुतली गेली की संध्याकाळी रंग चकचकीत.

अपवाद ज्वालामुखीचा. १८८३ साली क्राकाटोआ फुटला आणि १९९१ साली पिनाटूबो, तेव्हा कण फार उंच, स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) गेले आणि पुढे कित्येक महिने जगभर जांभळट-लाल संध्याकाळी दिसल्या. आपल्या धुराची तेवढी मजल नाही.

खारा वारा

व्यवहारात सांगायचं तर ढग बघा. उंचावर विरळ, पिसांसारखे किंवा खवल्यांसारखे ढग आणि पश्चिमेला क्षितिजावर मोकळी फट, असा दिवस दिसला की हातातलं काम सोडा. सूर्य बुडाल्यावर त्या फटीतून येणारा उजेड ढगांना खालून लागतो. खरा तमाशा तेव्हा, बुडाल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांनी. आणि तेव्हा किनाऱ्यावर कोणी नसतं! सूर्य गेला की सगळे चपला झटकत निघतात.

क्षितिजावर काळी भिंत असेल तर मात्र काही होत नाही. ती बघूनही मी थांबतो, ते वेगळं.

भरकटलेला (आठ दिवसांनी)

मंडळी, हजेरी लावतो. तीनदा गेलो.

पहिल्या दिवशी काळी भिंत. सेटिंग सगळं पाठ करून गेलो होतो, सूर्य क्षितिजाच्या बोटभर वरच गडप.

दुसऱ्या दिवशी एक खडक हेरला होता, वर्षाच्या सुरुवातीला एकदा सूर्य नेमका त्याच्या फटीत बुडताना पाहिला होता. गेलो तर सूर्य भलतीकडे, पार उजवीकडे. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की तो जूनमध्ये उत्तरेकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे. खडकासाठी आता काही महिने थांबणं आलं. त्याच संध्याकाळी मित्राची तिवई नेली होती. तिवई पक्की रोवली, लाट परत फिरायची वाट पाहिली, बटण दाबलं. सगळं बरोबर. फक्त माझी बॅग मागे ओल्या वाळूवर ठेवलेली, तिच्याकडे पाठ. भरती चालू आहे हे मी वेळापत्रकात वाचलं होतं, बॅगेला सांगितलं नव्हतं. आत कॅमेऱ्याचं काही नव्हतं सुदैवाने. बायकोचं पुस्तक होतं.

तिसऱ्या दिवशी बायकोही आली. डेलाइट, उणे दीड, रॉ. सूर्य बुडेपर्यंत मी मोजून अकरा फोटो काढले. एफ/८, १/५००, आयएसओ १००. त्यातल्या चारांत रंग आहे. तोच, डोळ्यांनी पाहिलेला. गणिती म्हणाले तसा सूर्य चपटाही दिसतोय, टिकली असली तरी चपटी टिकली.

मग सगळे निघाले आणि आम्ही थांबलो. ढग फारसे नव्हते, त्यामुळे तमाशा काही झाला नाही. मी कॅमेरा आवरत होतो तेवढ्यात ही म्हणाली, मागे बघ. पूर्वेला, घरांच्या वर, एक फिकट गुलाबी पट्टा आणि त्याच्याखाली निळसर राखाडी पट्टा, जमिनीवरून हळूहळू वर चढत येणारा. आणि त्या राखाडीतून वर येत असलेला जवळजवळ पूर्ण चंद्र. समोर ओली वाळू, तिच्यावर तोच गुलाबी. ही पुढे चालत गेली तशी पावलांभोवती वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी पांढरट होत होती. तो एक फोटो काढला. १/३० सेकंद, हातात धरून, श्वास रोखून. आजवरचा माझा सगळ्यात बरा फोटो आहे आणि त्यात सूर्य नाही.

खाली डकवला आहे. सगळ्यांनी बिनधास्त फाडा.

गणिती

तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. हवेवर पडलेली. पौर्णिमेच्या आसपास चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास समोरून उगवतो, म्हणून दोन्ही एकत्र सापडले.

सावली

पावलांभोवतीची पांढरट वाळू!! अहाहा. वहिनींना माझा नमस्कार सांगा. पुस्तक वाळलं का?

खारा वारा

फोटो सुरेख. चंद्राचा पोतही राहिलाय, म्हणजे उणे ठेवायची सवय लागली. डावीकडचा दिव्याचा खांब तेवढा कापा.

जुनी तिवई

१/३० हातात? मित्राची तिवई कुठे होती?

भरकटलेला

गोड्या पाण्याखाली.

पुस्तक वाळलं, पण आता मिटत नाही.

टवाळखोर

सगळे कौतुकात दंग, म्हणून मलाच बोलावं लागतंय. वाळूची कड आणि पाठीमागची घरं बघा, सगळं उजवीकडे कललंय. थोड्या वेळात चंद्र घरंगळत खाली येईल.

भरकटलेला

दीड अंश होतं. सरळ करून पुन्हा चढवलाय. खांबही गेला.